एक टक्कल आणि नव्वद गोळ्या

ऑफिसात कॅमेरे बसवले त्या दिवशी मी साहेबांची सही घ्यायला त्यांच्या खोलीत गेलो. भिंतीवर नवा कोरा पडदा होता आणि त्यावर चार चौकोनांत आमचं सगळं ऑफिस दिसत होतं. एका चौकोनात साहेबांच्याच टेबलासमोर एक टकला माणूस पाठमोरा उभा होता. विचारल्याशिवाय आत घुसलेला हा इसम कोण, म्हणून मी रागानं मान वळवली. त्यानंही वळवली.

माझी घाबरगुंडी तिथून सुरू झाली. तसा मी मुळातच भित्रा, पण ते बाहेर कुणाला ठाऊक नाही, कारण बाहेर लोक मला घाबरतात. मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. माझा शिक्का नसेल तर बाजारातल्या तराजूवर बटाटासुद्धा तोलता येत नाही. सव्वीस वर्षं मी पारड्याखाली चिकटवलेलं मेण आणि वजनांच्या बुडाशी पाडलेली भोकं शोधत आलो आहे. एकदा एका दुकानदाराची पेन्सिल चुकून माझ्या खिशात राहिली, तर ती परत द्यायला मी दोन बस बदलून गेलो होतो. बायको ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. म्हणजे, सांगायची.

घरी येऊन मी दोन आरसे मागेपुढे धरले आणि पट्टीनं मोजलं. माथ्यावरच्या मोकळ्या मैदानाचा व्यास साडेआठ सेंटीमीटर भरला. दोनदा मोजला, तेवढाच भरला.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात बायकोनं केसांच्या गोळ्या आणल्या. ती शाळेत गणित शिकवते. गेले काही महिने तिच्या कंगव्यात केसांचे पुंजके निघत होते. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई आहेत, त्यांच्याकडे सगळ्या इमारतीची मापं आणि सगळ्या इमारतीची दुखणी असतात. त्यांनी गोळ्यांचं नाव सांगितलं. बाटलीवर कमरेपर्यंत केस असलेल्या बाईचं चित्र होतं आणि आत साठ गोळ्या होत्या. बायकोनं बाटली टेबलावर ठेवली तेव्हा मी काय करावं? मी भाषण केलं. केसांनी माणूस मोठा होत नाही, चारित्र्यानं होतो, आणि माणसानं निसर्गापुढे मान तुकवायला शिकलं पाहिजे, असं मी चांगलं दहा मिनिटं बोललो. मान तुकवली की काय दिसतं हे मला चारच दिवसांपूर्वी पडद्यावर दिसलं होतं, पण ते मी बोललो नाही.

एवढं बोलून बसल्यावर गोळी मागायची कशी? दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा मी गुपचूप बाटली उघडली. रोज एक, असं वर लिहिलं होतं. पण माझं मैदान मोठं होतं, म्हणून मी दोन ठरवल्या. ती दुपारी जेवणानंतर एक घ्यायची आणि मी सकाळी दोन. संसारात सगळ्या गोष्टी नवराबायकोनं वाटून घ्याव्यात असं म्हणतात, तशा आम्ही त्या वाटून घेत होतो. फक्त एकाला ते माहीत नव्हतं.

विसाव्या दिवशी बाटली संपली. बायको ती उलटी धरून बराच वेळ बघत राहिली.

"साठ होत्या ना हो यात?"

मी वर्तमानपत्रामागून म्हणालो, "कंपन्या हल्ली कमीच भरतात."

"मी पहिल्या दिवशी मोजल्या होत्या. साठ होत्या."

वजनमापं खात्याच्या माणसानं घरात बसून दुसऱ्याच्या मापाला नाव ठेवायचं आणि तेही खोटं, याची मला लाज वाटली. खरंच वाटली. पण आदल्याच दिवशी मैदान दोन मिलिमीटरनं आटल्यासारखं दिसलं होतं. तिनं दुसरी बाटली आणली आणि कपाटात ठेवून दिली. मी दुसऱ्या सकाळी ती उघडली.

त्यानंतर चारच दिवसांनी ऑफिसची वार्षिक आरोग्य तपासणी आली. दरवर्षी त्यात माझं काही निघत नाही आणि मी तो कागद मिरवत घरी आणतो. यंदा सकाळी दोन गोळ्या घेऊन गेलो, रक्त दिलं, आणि तीन दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात थायरॉईड नावाच्या खान्यात तीन आकडे होते आणि तिन्ही ठळक अक्षरांत छापलेले होते. दोन आकड्यांपुढे वर जाणारा बाण होता. तिसऱ्यापुढे खाली जाणारा बाण होता आणि आकडा जवळजवळ शून्य होता.

रिपोर्टबरोबर एक माहितीपत्रक जोडलेलं होतं. ते मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग बसून वाचलं. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी फार जोरात काम करू लागली की छाती धडधडते, वजन उतरतं, घाम येतो, हात थरथरतात, झोप उडते आणि उगाच घबराट होते, असं त्यात होतं. माझी छाती धडधडायला लागली. हात थरथरू लागले. घाम तर फुटलाच. घबराट हे लक्षण वाचून मी इतका घाबरलो की तेही लक्षण जुळलं. त्या रात्री झोप आली नाही, म्हणजे यादी पूर्ण झाली.

फक्त वजनाचं राहिलं होतं. घरच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. मी साहेबांना रीतसर अर्ज करून, तीन प्रतींत पोच देऊन, ऑफिसातलं वीस किलोचं प्रमाणित वजन एका दिवसापुरतं घरी आणलं. ते चौथ्या मजल्यावर चढवताना छाती आणखी धडधडली, तीही मी वहीत टिपून ठेवली. काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. तो फरक वजा करून माझं वजन गेल्या वर्षीपेक्षा दोन किलो कमी भरलं. तेही मी वहीत टिपलं.

तेवढ्यात बायको म्हणाली, "आणलंच आहे तर मलाही बघू दे." ती काट्यावर उभी राहिली. खाली बघून म्हणाली, "अहो, माझं सहा किलो वाढलंय. मी तर हल्ली अर्धंच जेवते."

"काटा खोटा आहे," मी म्हणालो. "तू लक्ष देऊ नकोस."

काटा तीनशे ग्रॅमनं खोटा होता. उरलेल्या पाच किलो सातशे ग्रॅमचा मी विचारच केला नाही.

बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरतो. शिवणकामवाल्या ताई माप घ्यायची फीत घेऊनच वर आल्या आणि त्यांनी माझ्या गळ्याला ती गुंडाळली. "साडेचौदा," त्या म्हणाल्या. "आता रोज मोजा. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंचा गळा इतका वाढला की मला कॉलर तीनदा उसवावी लागली." वरच्या मजल्यावरचे विमावाले काका विम्याचं काम सोडून दहा वर्षं झाली तरी मृत्यूविषयी अजून तितक्याच आपुलकीनं बोलतात. ते समोर बसले आणि माझ्या डोळ्यांत रोखून बघू लागले.

"डोळे पुढे येतात यात," ते म्हणाले. "सगळ्यांचे नाही. काहींचे. एका गृहस्थांचे इतके आले होते की झोपेतसुद्धा मिटायचे नाहीत. बायको बिचारी दिवा घालवायला घाबरायची. तुमची पॉलिसी कुठल्या साली घेतलेली?"

ते गेल्यावर मी बॅगेतून व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारं साधन. त्यानं मी वजनांची जाडी तपासतो. आरशासमोर उभं राहून मी नाकाच्या हाडापासून बुबुळापर्यंतचं अंतर मोजलं. हात थरथरत होता, त्यामुळे दर वेळी वेगळं माप येई. एकदा डावा डोळा उजव्यापेक्षा दीड मिलिमीटर पुढे आला. एकदा मागे गेला. एकदा व्हर्नियर पापणीला लागला आणि डोळा दोन दिवस लाल राहिला. काकांनी जिन्यात तो बघितला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी उरलेले जिने कठड्याला धरून चढलो.

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. साहेबांनी मला बोलावलं आणि नियमांचं पुस्तक उघडलं. ज्या निरीक्षकाचा हात स्थिर नाही त्याला प्रमाणित वजनांना स्पर्श करता येणार नाही, असं कलम निघालं. "तुमच्या काळजीपोटी," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडून शिक्का घेतला. तंदुरुस्तीचा दाखला आणेपर्यंत मी आत बसायचं. कॅमेऱ्याखालचीच खुर्ची मिळाली. सव्वीस वर्षं ज्याच्या येण्यानं बाजारात तराजू थरथरायचे, तो आता एका टेबलाशी बसून आवक टपालावर तारखा टाकत होता. तारखासुद्धा वाकड्या पडत होत्या.

ग्रंथींच्या डॉक्टरबाईंची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर मी कपाटातले सगळे कागद एका फाइलीत लावले. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मी नसताना'. बायकोला पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे ते दाखवलं. ती शाल पांघरून खुर्चीत बसली होती आणि मी पंखा पूर्ण वेगात लावला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "लक्षात राहिलं नाही."

मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "लिहून ठेवा. हल्ली माझं काही खरं नाही." मला वाटलं, माझ्या काळजीनं म्हणते आहे. मला तेव्हा सगळं जग माझ्याच काळजीत असल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरबाई धीम्या आवाजात बोलणाऱ्या होत्या. नाडी बघितली, एकशे दहा होती. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, तो पिंपळाच्या पानासारखा हलला. गळा चाचपला, डोळे बघितले. मग मी काय काम करतो ते विचारून म्हणाल्या, "म्हणजे ऑफिस तुम्हाला कळतं. मेंदूच्या तळाशी मटाराएवढी एक ग्रंथी असते, ती साहेब. गळ्यातली थायरॉईड म्हणजे काम करणारा कारकून. साहेब रक्तातून चिठ्ठी पाठवतो, इतकं हार्मोन तयार कर. ते हार्मोन सगळ्या शरीराला वेग ठरवून देतं. हृदयानं किती पळायचं, पोटानं किती पचवायचं, अंगात ऊब किती ठेवायची, सगळं. कारकुनानं काम कमी केलं की साहेबाच्या चिठ्ठ्या वाढतात. जास्त केलं की साहेब चिठ्ठ्या बंद करतो. तुमच्या रिपोर्टात हार्मोन जास्त आहे आणि चिठ्ठ्या जवळजवळ शून्य."

"आणि कारकुनानं काम कमी केलं तर?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज हल्ली बसल्यासारखा यायचा.

"मग सगळं उलट. थंडी वाजते, थकवा येतो, वजन वाढतं, केस गळतात, आवाज जड होतो, विसरायला होतं."

हे मला आज शब्द न शब्द आठवतं, पण त्या वेळी मी मनगट धरून नाडी मोजत होतो आणि नव्वदच्या पुढे कुठेतरी होतो. बायकोनं शाल आणखी आवळली एवढं मात्र बघितलं.

डॉक्टरबाई माझ्या रिपोर्टाकडे बघत कपाळाला आठ्या घालून बसल्या. "रिपोर्ट एक सांगतो आणि तुमचा गळा दुसरंच सांगतो. गळा सुजलेला नाही, डोळे ठीक आहेत. कुठल्या गोळ्या घेता का? जीवनसत्त्वं, ताकदीचं औषध, काहीही."

बायको शेजारी बसली होती. माझ्या डोळ्यांपुढे माझं दहा मिनिटांचं भाषण उभं राहिलं. "नाही," मी म्हणालो.

"हे साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाहीत," बायकोनं अभिमानानं भर घातली.

त्यांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडे तेच आले, कारण त्याही सकाळी मी दोन गोळ्या घेऊन गेलो होतो. मग त्यांनी स्कॅन लिहून दिला. किरणोत्सारी औषध थोडंसं पोटात द्यायचं आणि ग्रंथी ते किती ओढून घेते ते यंत्रानं बघायचं. पुढे गरज पडली तर तसल्याच औषधाचा मोठा डोस देऊन ग्रंथी शांत करता येते, असंही त्या म्हणाल्या. 'शांत करता येते' हे शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवले आणि घरी पोचेपर्यंत ते शोकसभेतले वाटू लागले.

स्कॅनच्या दिवशी सकाळी मी शेवटच्या समजून दोन गोळ्या घेतल्या. मरायचंच असेल तर केसांसकट, असा काहीतरी विचार असावा.

तिथलं दार जाडजूड होतं आणि त्यावर पिवळ्या रंगाचं तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं. बाहेर लांब बाक होता. खिडकीतल्या बाईंनी मला एकोणीस प्रश्नांचा फॉर्म दिला. माझा हात इतका थरथरत होता की नावाच्या जागी मी भूकंपाची नोंद केली. बायको म्हणाली, "इकडे द्या. मी लिहिते." पेन काढायला तिनं पर्स उघडली तेव्हा पेनाबरोबर एक घडी केलेला कागद बाहेर आला आणि खाली पडला. मी उचलला. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज होता. प्रकृतीच्या कारणास्तव महिनाअखेरपासून नोकरी सोडत आहे, असं लिहिलं होतं. खाली तिची सही होती.

"हे काय?"

"काही नाही. आधी तुमचं होऊ दे."

"पण झालंय काय तुला?"

ती समोरच्या पिवळ्या चिन्हाकडे वळली. मग अगदी हळू बोलली.

"माझं डोकं चाललंय हो. गेल्या महिन्यात फळ्यावर साधा भागाकार करताना मधेच थांबले. मुलं हसायला लागली. तेही मी सोडून दिलं असतं. पण त्या गोळ्या. साठ गोळ्या, रोज एक, म्हणजे दोन महिने. वीस दिवसांत संपल्या. म्हणजे मी घेतलेली विसरून पुन्हा घेत असणार. म्हणून दुसरी बाटली आणली, पण घ्यायचं थांबवलं. नुसती मोजत राहिले. तर त्याही कमी होत गेल्या. मला एकही घेतल्याचं आठवत नाही आणि रोज दोन कमी. जिला घरात बसून साठ गोळ्या मोजता येत नाहीत, ती वर्गात काय शिकवणार?"

मी अर्जाची घडी घातली आणि पुन्हा उघडली.

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण तुम्हीच इतके आजारी. एकदा तर मनात आलं, तुम्ही तर घेत नसाल? मग माझीच मला लाज वाटली. पेन्सिल परत करायला दोन बस बदलून जाणारा माणूस. इतका वाईट विचार माझ्या मनात येतो, म्हणजे डोकं गेलंच, असं वाटलं."

आणि ती फॉर्म भरू लागली. ती प्रश्न मोठ्यानं वाचायची आणि मला विचारून उत्तर लिहायची. तेराव्यापर्यंत तसं चाललं. "चौदावा, केस, त्वचा किंवा नखं यांसाठी काही गोळ्या घेता का?" हा तिनं वाचला, आणि मला न विचारताच 'नाही' लिहून ती पंधराव्याकडे गेली.

मी आयुष्यात पुष्कळ प्रकारांनी घाबरलो आहे. त्या तीन आठवड्यांत तर मी मरणाला घाबरलो होतो, डोळ्यांना घाबरलो होतो, पिवळ्या चिन्हाला घाबरलो होतो. पण त्या 'नाही'कडे बघून जी भीती वाटली ती वेगळी होती. गप्प राहिलो तर मला काहीही होणार नव्हतं. मी आत गेलो असतो, औषध प्यायलो असतो, माझी अब्रू शाबूत राहिली असती. आणि शेजारी बसलेली ही बाई महिनाअखेरीला वर्ग सोडून घरी बसली असती आणि रोज स्वतःला वेडी समजत राहिली असती.

"चौदाव्याचं खोड," मी म्हणालो.

"का?"

"हो लिही. मी घेतो. तुझ्याच. रोज दोन. पहिल्या दिवसापासून. आज सकाळी पण घेतल्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातल्या पेनाकडे बघत होतो, ते फॉर्मवर आपटेल की माझ्या डोक्यावर, याचा अंदाज घेत. तिनं ते कुठेच आपटलं नाही. अर्ज माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. दोन बाटल्या, एकशे वीस. मी वीस दिवस एक, वीस. "आज कितवा दिवस?" "पंचेचाळिसावा." पंचेचाळीस दुणे नव्वद. वीस आणि नव्वद एकशे दहा. मग तिनं डोळे मिटून आठवलं. "काल संध्याकाळी बाटलीत बारा होत्या. आज तुम्ही दोन. उरल्या दहा." एकशे वीस. तिनं खाली दोन रेघा मारल्या.

"बरोबर येतंय," ती म्हणाली. "सगळं बरोबर येतंय. मी रोज बरोबरच मोजत होते." आणि तिथं बाकावर बसून, बसलेल्या आवाजात, ती रडायला लागली. मी आजवर कुणाला गणित सुटलं म्हणून असं रडताना बघितलं नव्हतं. माझे पण डोळे भरून आले. खिडकीतल्या बाईंना वाटलं आम्ही स्कॅनला घाबरलो आहोत. त्या धीर द्यायला बाहेर आल्या, फॉर्मवरचं चौदावं उत्तर बघितलं आणि म्हणाल्या, "मग आज स्कॅन नाही. आधी डॉक्टरांकडे जा."

डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं नाव ऐकून कपाळाला हात लावला. केसांच्या गोळ्यांत एक जीवनसत्त्व भरमसाट असतं, आणि थायरॉईड तपासणारी बरीचशी यंत्रं नेमकं तेच वापरून रक्तातलं हार्मोन पकडतात. रक्तात ते आधीच उतू जात असलं की यंत्र फसतं आणि भलतेच आकडे देतं. एवढं त्यांनी सांगितलं आणि मला पुढचं कळलं. पारड्याखाली मेण होतं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पारड्याखालून ते खरवडत आलो, आणि या वेळी ते लावणारा मीच होतो.

"पण माझी नाडी? हात? दोन किलो?"

"तुम्ही घाबरला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठवडाभर गोळी घेऊ नका आणि मग पुन्हा रक्त द्या." मग त्या माझ्याकडे पाठ करून बायकोकडे वळल्या. "तुम्ही बंद करून किती दिवस झाले? पंचवीस? छान. तुमचं आजच घेऊ. तुम्ही त्या दिवशी प्रश्न विचारलात तेव्हाच मी सांगायला हवं होतं."

माझे आकडे आठ दिवसांनी सरळ आले. तिचे त्याच संध्याकाळी आले होते. साहेबाच्या चिठ्ठ्या जिथं फार तर चारपाच असायला हव्यात तिथं बहात्तर होत्या, आणि कारकून जवळजवळ झोपलेला होता. रोगांशी लढणाऱ्या शरीराच्या पहारेकऱ्यांनी आपल्याच ग्रंथीला परकं समजून तिला हळूहळू खिळखिळं केलं होतं. हा आजार फार जणींना होतो आणि त्यावर साधा उपाय आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या. जे हार्मोन ग्रंथी करत नाही तेच गोळीतून द्यायचं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी पाण्याबरोबर, त्यानंतर तासभर चहा नाही, आणि दीड महिन्यानं पुन्हा तपासणी. थंडी, वजन, केस, आवाज, फळ्यावरचा भागाकार, सगळं या एका ग्रंथीपाशी येऊन थांबत होतं. काट्यानं सहा किलो दाखवले होते. मी म्हणालो होतो, लक्ष देऊ नकोस.

ऑफिसनं मला सुखासुखी सोडलं नाही. दाखला मिळाला, पण शिक्का परत घेण्याच्या अर्जात 'आधीच्या दोषाचे कारण' असा एक रकाना असतो आणि तो कोरा चालत नाही. मी 'किरकोळ' लिहिलं, ते परत आलं. 'वैयक्तिक' लिहिलं, तेही आलं. शेवटी 'केस वाढवण्याच्या गोळ्या' असं लिहिलं. तो कागद तीन टेबलांवरून गेला आणि प्रत्येक टेबलानं आपली सही करण्याआधी उठून, साहेबांच्या खोलीत डोकावून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे एक नजर टाकली. शिवणकामवाल्या ताईंना आता माझ्या डोक्याचंही माप ठाऊक आहे. विमावाले काका थोडे खट्टू झाले, पण अजून अधूनमधून डोळ्यांत बघून जातात.

बायकोनं नोकरी सोडली नाही. त्या अर्जाची उलटी बाजू तिनं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "खाली लिहा. नव्वद गोळ्या मी घेतल्या. आणि सही करा." माझा शिक्का परत आला होता. मी गमतीनं म्हटलं, मारू का? ती हसली नाही. मी सही केली. आता तो कागद औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला आहे. पाहुण्यांना ती पेन्सिलची गोष्ट अलीकडे सांगत नाही. मी वाट बघतो आहे.

चार महिने झाले. तिची शाल घडी करून ठेवली आहे, आवाज मोकळा झाला आहे आणि परवा तिनं मला एका बेरजेवरून झापलं. मला मात्र अजून भीती वाटते. मरणाची नाही. एकाच घरात दोघं घाबरलेली होती, आणि मी इतका माझी नाडी मोजण्यात गुंतलो होतो की तिच्या भीतीला मीच रोज सकाळी दोन गोळ्यांचं खतपाणी घालत होतो, त्याची वाटते. मी ती कुणाला सांगत नाही. रोज सकाळी ती कपाट उघडते, पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मला ऐकू जातील अशा आवाजात मोजते, एक घेते आणि पुन्हा मोजते. मी चहाचं आधण ठेवत नाही. तासभर तिच्यासमोर बसून राहतो.

"बावीस," आज ती म्हणाली.

"बावीस," मी म्हणालो.